पुरी बरी झालस काय ये, म्हणे!

पुढचा जो कोणी मला "पुरी बरी झालस काय ये गो" म्हणजे हात पूर्ण बरा झाल्यावरच कामावर ये, असं सांगेल त्याच्या मी अंगावर जाणार आहे. मग तो सुपरवायझर असो, शेठ असो, नाहीतर आमच्या वाडीतली कोणी काकी असो. पुरी बरी म्हणजे नक्की किती? कोण ठरवणार? आणि त्या पुऱ्या बरं होण्यापर्यंत मी घरात बसून काय करू, उंबऱ्याकडे बघू?

मी कुडाळकडच्या एका काजू कारखान्यात कटिंगला आहे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांनी काजूगर फक्त फराळाच्या ताटात पाहिलेला असतो, म्हणून सांगते. वाफवलेली बी डाव्या हाताने उचलायची, उजव्या हाताच्या बोटांत धरून दोन पात्यांमध्ये बसवायची, पायाने पेडल दाबायचं, आणि साल फुटली की गर अख्खा बाहेर काढायचा. तुकडा झाला की भाव पडला. सालीतलं तेल हाताला लागलं की कातडी भाजते, म्हणून हाताला आधी दुसरं तेल चोपडायचं, आणि तेलकट हातात बी सटकते. माझी सटकली. उजव्या हाताच्या तर्जनीची, बोट हलवणारी शीर तुटली.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांवर माझा काडीचा राग नाही. त्यांनी शीर जोडली, पट्टी बांधली, बोट कधी आणि किती हलवायचं ते नीट समजावलं. हलवलं नाही तर जोडलेली शीर आतल्या आत चिकटते आणि जास्त जोर दिला तर परत तुटते, तेव्हा जड पकड तीन-एक महिने नाही, हेही सांगितलं. फिजिओथेरपी करणारा मुलगा तर इतका भला, की माझी पुतणी त्याला दादाच म्हणायला लागली. पण त्या बिचाऱ्याने काजू कटिंगचं मशीन जन्मात बघितलेलं नाही. तो माझ्याकडून रबरी चेंडू दाबून घेतो. मला चेंडू दाबायचे पैसे मिळत नाहीत हो! मला बी धरायची आहे, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, दिवसभर, हजारो वेळा. ती चिमूट कशी परत आणायची, सुरुवातीला दिवसाला किती बिया धरायच्या, पेडलची उंची बदलली तर हाताला आराम पडेल का, हे बघायला कारखान्यात कोण येणार? कोणी नाही. तसा माणूसच आमच्याकडे नाही. दवाखान्याचं काम टाके काढले की संपलं. कारखान्याचं काम मी फिट झाल्यावर सुरू होणार. मधला सगळा रस्ता माझा मी चालायचा.

आता पैशाचं ऐका. पगारातून राज्य कामगार विम्याचा पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावर इजा झाली की रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात, आणि ते हात बरा होईपर्यंत. चांगली सोय आहे, खोटं कशाला बोलू. पण ज्या दिवशी काम करशील त्या दिवसाचे मिळणार नाहीत, असा १९४८ च्या कायद्यापासूनचा नियम आहे. म्हणजे मी म्हटलं की रोज दोन तास येऊन हळूहळू हात सरावते, तर त्या दोन तासांपायी अख्ख्या दिवसाचा भत्ता जाणार. आणि आमची मजुरी किलोवर. दोन तासांत दुखऱ्या बोटाने मी किती किलो काढणार आणि त्याचे किती मिळणार? म्हणजे घरी बसलं तर पैसे, हळूहळू बरं व्हायला गेलं तर उपास. हा हिशोब ज्याने कागदावर मांडला तो कधी किलोवर राबलेला नसणार.

बरं, हलकं काम नाहीच का? आहे ना! ग्रेडिंगच्या टेबलावर बसायचं, गर नजरेने आकाराप्रमाणे वेगळे करायचे, दोनशे दहा नंबरचे इकडे, दोनशे चाळीस तिकडे, तीनशे वीस त्या ट्रेमध्ये. ते डाव्या हातानेसुद्धा होतं. वजनकाट्यावरची वही लिहायची तर डाव्या हाताने अक्षर वाकडं येईल, पण आकडे वाचता येतील. मी सुपरवायझरला हेच विचारलं. तो म्हणाला, "हलका काम आमच्याकडे नाय गो वैनी." ग्रेडिंगच्या टेबलावर कोण बसतं आणि तिथे कोणाची कोण लागते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यावर मी इथे बोलत नाही.

डॉक्टरांकडे गेले, म्हटलं लिहून द्या की बसून करायचं काम जमेल, चिमटीचं नको. त्यांनी लिहून दिलं बरं का! तो कागद ऑफिसात दिला तर क्लार्क म्हणतो, फिट आहे की अनफिट आहे एवढंच लिहून आणा, असल्या अर्ध्यामुर्ध्या सर्टिफिकेटचं आम्ही काय करायचं? त्याच्या फायलीत दोनच कप्पे आहेत, त्यात माझं बोट बसत नाही.

आणि गंमत बघा. कामाला मी अनफिट. पण आठवडा बाजारात माझ्या हातात पिशवी दिसली की लगेच कारखान्यात बातमी, "ती बघलंव, बरी असा, नाटका करता." अहो, डाव्या हातात होती पिशवी! आणि उजव्यात असती तरी काय झालं? कोथिंबिरीची जुडी उचलणं आणि दिवसभर पात्यात बोट घालून बसणं सारखंच का? शेजारची काकी येऊन बोट बघते आणि म्हणते, "जागेर असा मां? मगे कसला दुखता?" जागेवर आहे म्हणूनच तर घोळ आहे, काकी.

कारण आता टक्के आले. कायमचं काही राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवणार. त्यासाठीचं कोष्टक १९२३ च्या भरपाईच्या कायद्यापासून चालत आलंय. अंगठा अख्खा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४, करंगळी गेली तर ७. बोट जागेवर आहे पण कायमचं पूर्ण निकामी झालं, तर ते गेल्यासारखंच धरतात. आणि माझ्यासारखं अर्धं वळणारं? ते बोर्डाच्या मनावर. त्यातही ही तर्जनी कोणाची आहे याचं कोष्टकाला सोयरसुतक नाही. वॉचमनची गेली तरी चौदा, कटिंगवालीची गेली तरी चौदा. माझा धंदाच त्या बोटावर चालतो, सायेब! आणि अपंग म्हणून नोकरीतलं आरक्षण मागायला जावं तर तिथे किमान ४० टक्के लागतात. म्हणजे कामावर ठेवायला मी जास्त मोडलेली आणि सवलत द्यायला पुरेशी मोडलेली नाही.

सरकारी नोकरीत असते तर २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने मला कामावरून काढता आलं नसतं की खालच्या पदावर टाकता आलं नसतं. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं, तेही नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. वाचून डोळे पाणावले माझे. मग कळलं, हे फक्त सरकारी आस्थापनांना. खाजगी कारखान्यातल्या बाईच्या हाताला काय हाडं नसतात?

कोणीतरी शहाण्याने सांगितलं, मुंबईला जा, हाजी अलीला पुनर्वसनाची मोठी केंद्रीय संस्था आहे, सायनला केंद्र सरकारचं केंद्र आहे, तिथे धंद्याचं शिक्षणसुद्धा देतात. असतील, चांगलीच असतील. पण कुडाळपासून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या गाडीच्या जनरल डब्यात एका हाताने दांडी धरून जायचं, मुंबईत कोणा नातेवाइकाच्या खोलीत पसरायचं, आणि दर आठवड्याला हेच? गणपतीच्या दिवसांत तर त्या गाडीत दोन्ही हात धड असलेल्यालाही शिरता येत नाही. आणि मला नवा धंदा शिकायचाच नाहीये. मला माझा येतो, पोटापुरता उत्तम येतो. फक्त त्यात परत शिरायला पायरी हवी.

पुतणीने मोबाईलवर वाचून दाखवलं, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स म्हणून राज्य आहे, तिथे जखमी कामगाराला झेपेल असं काम, पूर्णवेळ नाहीतर अर्धवेळ, जमेल तितपत द्यायचं बंधन कायद्याने मालकावर आहे. १९९८ चा कायदा. आणि जखमी माणसाला हळूहळू परत कामात आणायचं, हेच काम करणारे लोक आहेत. ते कामाच्या जागी येतात, मशीन बघतात, या आठवड्यात एवढं, पुढच्या आठवड्यात तेवढं असं लिहून देतात. तिथेही मालक कटकट करतच असतील, मालक तो मालक. पण निदान भांडायला हातात कागद तरी असतो.

आणि मी तरी बरी म्हणायची, माझं नाव रजिस्टरात आहे. चिरेखाणीत पाय चेंगरलेला, ट्रॉलरवर जाळ्याच्या दोरात हात अडकलेला, हापूसच्या कलमावरून आंबे उतरवायची घळ घेऊन खाली आलेला, त्यांना कोण विचारतो? बागायतदार भला असेल तर दवाखान्याचं बिल भरतो, वर आंब्याची एक पेटी पाठवतो. पुढच्या हंगामाला झाडावर दुसरा गडी.

सोमवारी मी शेठला लेखी अर्ज देणार आहे. ग्रेडिंगला बसवा, रोजावर मजुरी द्या, डॉक्टर सांगतील तशी कटिंगची वेळ वाढवत न्या. सोबत तेच अर्धमुर्धं सर्टिफिकेट जोडणार आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण सही-शिक्क्याने, कारण लिहून. आणि अर्जाची पोच दिली नाहीत तर रजिस्टर एडीने पाठवीन. पोस्टात जायला हा हात चालतो माझा.