चुंबक चिकटला की अशनी?

आकाशात लखलखाट झाला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मजकूर येतो: प्रकाश जिथे मावळला त्या शेतात जा, जळका खड्डा शोधा, गरम काळ्या दगडाला चुंबक लावा, चिकटला की तो अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, आणि तुम्ही करोडपती. यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

‘उल्का शेजारच्या शिवारात पडली’ हे डोळ्यांना वाटतं. तेजोगोल, म्हणजे तो लखलखता गोळा, बहुतेक वेळा 20 किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरच विझतो. दिसलेली जागा शंभर किलोमीटर दूरही असू शकते.

खड्ड्याचं म्हणाल, तर लोणारच्या कल्पना डोक्यातून काढा. 2017 मध्ये राजस्थानातल्या मुकुंदपुऱ्याच्या शेतात अशनी पडला, तो खड्डा वीतभर खोलही नव्हता. दगडाची वरची साल काही सेकंद वितळते, मग काही मिनिटं तो थंड हवेतून खाली येतो. गवत पेटत नाही.

खरी फसवणूक चुंबकाची. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला 22 मे 2012 रोजी भरदुपारी अशनींचा वर्षाव झाला. तिथल्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे आणि बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढलं जाणारं लोहखनिज असतं. दोरीला बांधलेला चुंबक बांधावरच्या कुठल्याही काळ्या दगडाकडे झुकेल! उलट, 2022 मध्ये गुजरातेत दियोदरजवळ पडलेल्या ऑब्राइट जातीच्या अशनीसारख्या दगडांत धातू नगण्य असतो, तिथे चुंबक ढिम्म. शिवाय जोरदार चुंबक लावला की दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, हे नुकसान वेगळंच. त्यापेक्षा तुटलेला कोपरा असेल तर तो बघा: बाहेर मिलिमीटरहून पातळ मंद काळी साल, आत करडा गाभा, त्यात धातूचे चकाकते कण. बुडबुड्यांची छिद्रं दिसली तर बहुधा बेसाल्ट किंवा धातूच्या भट्टीची मळी.

करोडोंचं काय? काटोलचा अशनी एल6 कॉन्ड्राइट, म्हणजे अगदी नेहमीच्या जातीतला. त्याची किंमत प्रयोगशाळेत कळली: 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात प्रामुख्याने हेच खनिज आहे, पण तिथवर हात कोणाचा पोहोचणार?

देशात पडणाऱ्या अशनींचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग करतो, त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. दगड धुऊ नका, देव्हाऱ्यातही ठेवू नका. जागेवर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, कोरड्या स्वच्छ पिशवीत घाला आणि कळवा. आणि हे सगळं पावसाआधी, कारण आतल्या लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही.