पालक कुठे आहेत?

वजन, आहार आणि व्यायामासाठीच्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य उपक्रमांवर एक लेख वाचला. त्यांतून किशोरवयीन मुलं मधेच गळतात, याचं खापर लेखात मोबाइलवर फोडलंय. मला हे अर्धंच पटलं.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांची २०१६पर्यंतची माहिती पाहिली, तेव्हा ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं त्यात कमी पडत होती. मुलगे ७८, मुली ८५ टक्के. या फरकाबद्दल लेखात चकार शब्द नाही! मुलींना कपडे बदलायला आडोसा आहे का, अंधारात घरी पोचवायला कोणी आहे का, हे आधी बघा ना.

मी पाहिलेल्या एका उपक्रमात वजनकाटा दाराशीच होता आणि आकडा मोठ्याने सांगत. मुली दप्तर पोटाशी धरून रांगेत उभ्या. पुढच्या वेळी त्यातल्या निम्म्याही फिरकल्या नाहीत. आईबाप तेव्हा बाहेर गाडीत बसलेले, हातात (अर्थातच) मोबाइल. घरात काय शिजतं आणि टीव्ही कधी बंद होतो हे ठरवतात तेच, आणि पथ्य मात्र पोराला!

शिवाय व्यायामाचे वर्ग भल्या पहाटे कशाला? वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते, आणि या वयात ८ ते १० तास झोप लागते. संध्याकाळी ठेवा, पालकांनाही जमेल. लेखकाने पाहिलेल्या उपक्रमांत पालकांची हजेरी घेत होते का, हे वाचायला आवडेल.