फोर-के असून उपयोग काय, फाइलच उघडली नाही तर?

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेमागे बसवायचा कॅमेरा, कसा निवडावा यावरच्या तुमच्या लेखात सगळा भर फोर-के (खूप बारकावे दिसणारं चित्र) आणि रात्रीच्या स्पष्टतेवर आहे. पण जोरात धडक बसते तेव्हा आधी वीज जाते, त्याचं काय? गाडीच्या बॅटरीची वायर तुटते नाहीतर सॉकेटमधला प्लग उडतो आणि कॅमेरा चालू फाइल बंद न करताच मरतो. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका, म्हणजे आत काय कुठे आहे याची नोंद, साधारणपणे शेवटी लिहिली जाते. ती राहिली की आतलं चित्रण कार्डावर असूनही प्लेअर फाइल उघडत नाही.

माझ्याच बाबतीत झालं हे. कार्डावर आधीच्या तीन-तीन मिनिटांच्या फाइल्स अगदी व्यवस्थित, आणि नेमकी धडकेची फाइल शून्य बाइट! (पुढे रिकव्हरी सॉफ्टवेअरशी दोन रात्री झटापट केली, ते असो.)

म्हणून घेताना आत सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) आहे का ते आधी बघा. वीज गेल्यावर तो काही सेकंद तग धरतो, तेवढ्यात फाइल नीट बंद होते. छोटी लिथियम बॅटरीही हेच काम करते, पण काचेमागच्या उन्हात ती फुगते आणि ऐन वेळी दगा देते. एमपी४ऐवजी टीएस या फाइल फॉरमॅटचा पर्याय असेल तर तोच निवडा, त्यात अर्धवट फाइलही चालते. नसेल तर क्लिप एक मिनिटाची ठेवा, म्हणजे गेलीच तर तेवढीच जाईल. कार्ड हाय-एन्ड्युरन्सच (सतत लिहिणं-पुसणं सोसणारं) हवं. जी-सेन्सर (धडक ओळखणारा सेन्सर) फाइल लॉक करून ती पुसली जाण्यापासून वाचवतो, पण जी फाइल लिहिलीच गेली नाही तिला तो काय लॉक करणार?