दोन लाल उकळू दे

सिग्नल आम्हीच मागितला होता, हे आधी कबूल करतो. नागपुरात मानेवाड्याकडे रिंग रोडला आमच्या ले-आऊटचा रस्ता जिथे मिळतो, तिथे पलीकडे जायचं म्हणजे एक हात वर, नजर ट्रकवाल्याच्या नजरेत आणि पोटात गोळा. मग निवेदन निघालं. सह्या मी गोळा केल्या, कारण मी घरून काम करतो म्हणजे रिकामाच असतो, असं ले-आऊटचं ठाम मत आहे.

समोरच्या काकांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता सांगितलं, "जगातला पहिला सिग्नल १८६८ साली लंडनला लागला होता, पार्लमेंटबाहेर. गॅसचा. महिन्याभरात फुटला. शिपाई भाजला बिचारा." ही माहिती सहीच्या आधी का नाही दिली, ते काकांनाच ठाऊक.

खांब आला. त्यासाठी खड्डा खणताना नळाची लाइन फुटली. दोन दिवस आम्ही टँकरवर काढले. मग दिव्यांना पोतं गुंडाळून काम थांबलं. महिने गेले. झिरो माइलचे चार घोडे कसे पळायच्या पवित्र्यात कायमचे उभे आहेत, तसा आमचा खांब उभा. पानठेल्यावाल्याने त्याला खर्ऱ्याच्या पन्न्या लटकवायला खिळासुद्धा ठोकून घेतला. पुढे एकदाचं पोतं निघालं आणि पिवळा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकता पिवळा म्हणजे 'जपून जा'. आमच्याकडे त्याचा अर्थ 'तू थांब बे, मी जाऊन रायलो'.

शेवटी सिग्नल सुरू झाला. आम्हाला लाल नव्वद सेकंद, हिरवा पंधरा. या पंधरातले पाच रिंग रोडवरून उशिरा घुसलेल्यांना वाटे लावण्यात जातात, चार पुढचा ई-रिक्षावाला जागा होण्यात. उरलेल्या सहा सेकंदांत पाच गाड्या निघतात. मी सहावा असतो. नेहमी. आणि आकडा तीनवर आला की मागचे हॉर्न सुरू करतात, जणू माझ्याच खिशात बटण आहे.

"कोणी आणला भाऊ हा सिग्नल?" एक जण हेल्मेटातून ओरडला. मी ढगांकडे पाहिलं. मे महिना होता, ढग नव्हते.

त्रास रस्त्यावरच राहिला असता तर चाललं असतं. पण आमचं घर कोपऱ्यावरचं. रात्री पडद्याच्या फटीतून उजेड थेट भिंतीवर, अण्णांच्या फोटोवर पडतो. दीड मिनिट अण्णा लालबुंद, मग पंधरा सेकंद हिरवे. हयातीतही त्यांचा राग साधारण याच प्रमाणात असायचा, पण तेव्हा दिवे मालवून झोपता तरी यायचं.

आईला मात्र सिग्नल भलताच मानवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आकडे स्पष्ट दिसतात, आणि तिथलं घड्याळ कधीचंच बंद पडलेलं. "पोहे भिजवले की एक लाल थांबायचं," ती सुनेला शिकवते. चहा दोन लाल. तर्रीला लागणारे चणे कुकरमध्ये चौदा लाल. एकदा मावशीला फोनवर रव्याच्या लाडवाचा पाक समजावताना म्हणाली, "चार लाल झाले की बोटाला चिकटवून पाह्यजो." मावशी वर्ध्याला राहते. तिला काय कळलं असेल, देव जाणे!

परवा पारा पंचेचाळीसवर गेला. एवढ्या उन्हात लोक चौकात उभे राहून भाजू नयेत म्हणून दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात; त्यात आमचाही होता. मी सुखाने डुलकी काढली. हॉर्न नाही, आकडे नाहीत, अण्णा आपल्या मूळ रंगात.

करपल्याच्या वासाने जाग आली. ओट्यावर दुधाचं तळं, पातेलं काळं ठिक्कर, आणि आई खिडकीच्या गजांना धरून चौकाकडे टक लावून उभी.

"आई, दूध!"

"मी काय करू राजा," ती मागे न वळता म्हणाली, "अजून लालच नाही लागला."