शेक सगळीकडे मिळतो, सलग सहा आठवडे कुठे मिळतात?

"ताई, तिकडे आता कापाकापी करतच नाहीत म्हणे? नुसत्या शेकावर भागतं?" साताऱ्याहून आत्तेभावाचा फोन. त्याच्या सासऱ्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आणि घरात दोन तट पडले. काही म्हणतात, सुरी लागली की पसरतो. बाकीचे म्हणतात, आवाज गेला तर गेला, एकदाचं काढून मोकळं व्हा. मी उत्तर इंग्लंडात रेडिएशनच्या, म्हणजे शेकाच्याच, मशिनवर काम करते, म्हणून निवाडा माझ्याकडे.

तर, इकडे काही गुपित नाही. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला अभ्यास १९९१ साली छापून आला. ३३२ रुग्ण, निम्म्यांचं स्वरयंत्र काढून मग शेक, निम्म्यांना आधी किमो, मग शेक. दोन वर्षांनी दोन्हीकडे ६८ टक्के जिवंत होते आणि किमोवाल्यांपैकी ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र शाबूत होतं. २००३ च्या अभ्यासात शेक आणि सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध एकदम दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्के स्वरयंत्रं वाचलेली दिसली, नुसत्या शेकाने ७०. हेच सिस्प्लॅटिन परळला टाटातही देतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांना शेकासोबत डोसेटॅक्सेल हे किमोचं दुसरं औषध देऊन पाहणारा २०२३ चा अभ्यास तर टाटाचाच.

पण हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. गाठ कूर्चा फोडून बाहेर पडली असेल, किंवा पाणी श्वासनळीत उतरत असेल, तर इकडचे सर्जनही बहुधा काढायलाच सांगतात. शिवाय स्वरयंत्र जागेवर राहिलं म्हणजे ते चालतंच असं नाही. शेकाने घसा इतका ताठरतो की काहींना चहाचा घोटही उतरत नाही.

खरा फरक आहे तो दिवसांचा. आमच्याकडे घशाला बहुधा ६५ ग्रे (शेकाच्या मात्रेचं माप), ३० बैठका, सहा आठवडे. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून तो टेबलाला पक्का अडकवायचा, की माणूस तसूभर हलत नाही. बैठक काही मिनिटांत आटोपते, पण आमचा डोळा शेवटच्या तारखेवर असतो. रॉयल कॉलेजचा, म्हणजे इकडच्या रेडिएशन-डॉक्टरांच्या संस्थेचा, दंडक असा की हा कोर्स ठरल्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबता कामा नये. ईस्टरच्या सोमवारी सुट्टी आली तर शनिवारी मशीन चालवतात, नाहीतर एका दिवशी दोनदा, मध्ये सहा तास सोडून. कारण गाठीतल्या पेशी सुट्टी घेत नाहीत. लांबलेल्या दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्क्याने घटते.

आणि आपल्याकडे? चौथ्या आठवड्यात तोंड सोलून निघतं, भाकरी सोडाच, पेजही गिळवत नाही. "जरा बरं वाटू दे, मग बघू" म्हणत गाडी गावाला लागते. यात रुग्णाला बोल लावणं मला पटत नाही. महात्मा फुले योजनेत रेडिएशनचा खर्च बसतो. मुंबईतल्या खोलीचं भाडं आणि सोबत आलेल्याचा बुडालेला रोज बसत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, पण गरजू किती आणि खाटा किती! स्वरयंत्र वाचवायचं म्हणून सरकारने नवी मशिनं घेताना या सहा आठवड्यांचाही खर्च धरायला हवा, असं माझं मत आहे. (इकडेही दूध-मध वाहत नाही. तातडीच्या चिठ्ठीपासून ६२ दिवसांत उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट एनएचएस, म्हणजे इकडची सरकारी आरोग्यसेवा, वर्षानुवर्षं चुकवतेय.)

म्हणून भावाला म्हटलं, डॉक्टरांना गाठीची पायरी विचार. मग घरात ठरवा, सहा आठवडे सोबत कोण राहणार, नाकातून नळी घालायची वेळ आली तर सासऱ्यांची तयारी आहे का, आणि बिडी आजपासून बंद होणार का. हे जमणार नसेल तर ऑपरेशनला कमीपणा मानू नका. त्यानंतरही माणसं बोलतात. श्वासनळी आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत छोटी झडप बसवतात. आयात केलेली काही हजारांत पडते, बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची झडप अवघ्या ५० रुपयांत बनवली. झडप अधूनमधून बदलावी लागते, तेव्हा ती साताऱ्याजवळ कुठे बदलून मिळेल, हेही ऑपरेशनआधीच विचारून घे.