कोणता कागद कोणाच्या नावावर? (सांगोल्याच्या वाचकांना उत्तर)

सप्रेम नमस्कार.

युरोपात ट्रक चालवायला जाणाऱ्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि सडेतोड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार मानून थेट मुद्द्यावर येतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचे सार असे. आपण चौदा वर्षे न्हावा शेवा ते नागपूर कंटेनरचा ट्रेलर चालवला. आपल्या पुतण्याला लिथुआनियातील एका वाहतूक कंपनीचे काम एजंटामार्फत मिळत आहे आणि एजंटाने साडेपाच लाख मागितले आहेत. इकडे मोटर मालक महिन्याला बावीस हजारांवर जात नाही, तिकडे अठराशे युरो म्हणजे सुमारे पावणेदोन लाख मिळतात. युरोपात चार लाखांवर जागा रिकाम्या असताना ‘टेबलावर बसून लिहिणारे’ मराठी मुलांना घाबरवतात, पंजाबची मुले मात्र बिनधास्त जातात आणि गावी बंगले बांधतात. शेवटी आपण विचारता की एजंटाला शिव्या घालणे सोपे आहे, पण त्याच्यावाचून नेणार कोण?

टेबलाचा आरोप मान्य आहे. कळंबोलीतील एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी अकरा वर्षे हिशेब लिहिले. गाडी चालवली नाही, परंतु ड्रायव्हरच्या खुराकीतून, म्हणजे वाटेतल्या जेवणखाणाच्या भत्त्यातून, काय काय कापले जाते ते माझ्याच अक्षरात त्या वह्यांमध्ये आहे. फुटलेला टायर, ताडपत्रीखाली भिजलेली चार पोती, बंदराच्या रांगेत वाया गेलेले दोन दिवस, हे सगळे शेवटी ज्याच्या नावावर पडते तो माणूस आपण स्वतः आहात, त्यामुळे ते मी आपल्याला सांगायला नको. सांगायचे एवढेच की परदेशातील ड्रायव्हरचे पगारपत्रक हाती आले की माझी नजर सवयीने त्याच रकान्यांकडे जाते.

एक चूकही कबूल करतो. ‘या नोकऱ्या म्हणजे निव्वळ सापळा आहे’ हे मूळ लेखातील वाक्य मी लिहायला नको होते. नोकऱ्या खऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात युरोपातील रिकाम्या जागांचा आकडा चार लाखांच्या वरच दिला आहे आणि तो खोटा ठरवण्याचे मला काही कारण दिसत नाही. आपले माझे मतभेद त्या आकड्याच्या अर्थावर आहेत. पोलंड आणि लिथुआनियातील कंपन्या जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समधील माल वाहतात. ज्या अटींवर आठवडेच्या आठवडे केबिनमध्ये राहावे लागते त्या अटींवर तेथील स्थानिक माणूस टिकत नाही. म्हणून आधी युक्रेन आणि बेलारूसची माणसे आली, मग उझबेकिस्तान आणि जॉर्जियाची आली, आणि आता आपल्याकडे विचारणा होत आहे. जागा रिकामी का झाली हे न विचारता ती भरायला निघणे म्हणजे आधीचा ड्रायव्हर गाडी का सोडून गेला हे न विचारता चावी हातात घेण्यासारखे आहे. अशी चावी आपण चौदा वर्षांत कधी घेतली नसेल.

यातील एक प्रकरण सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकले होते. फ्रँकफर्टच्या दक्षिणेला, डार्मश्टाटजवळ, ए-५ महामार्गावर ग्रेफेनहाउझेन नावाचा थांबा आहे. मार्च २०२३ मध्ये एका पोलिश वाहतूक मालकाकडे काम करणारे साठेक ड्रायव्हर, बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे, तेथे गाड्या लावून बसले. त्यांना दिवसाच्या हिशेबाने सुमारे ८० युरो ठरले होते आणि तेही थकले होते. पैसे मिळाल्याशिवाय गाड्या हलणार नाहीत, एवढे एकच त्यांचे म्हणणे होते. ७ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, गाड्या ताब्यात घेण्यासाठी मालक भाड्याचे सुरक्षारक्षक आणि एक चिलखती वाहन घेऊन तेथे पोहोचला. जर्मन पोलिसांनी हस्तक्षेप करून त्यांनाच ताब्यात घेतले. एप्रिलच्या अखेरीस तीन लाख युरोंच्या आसपास थकबाकी चुकती झाली आणि गाड्या हलल्या. त्याच वर्षी जुलैत त्याच थांब्यावर त्याच मालकाचे शंभरावर ड्रायव्हर पुन्हा बसले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यातील काहींनी उपोषणही केले.

ही कथा मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. उलट ती माणसे जिंकली, आणि का जिंकली ते पाहण्यासारखे आहे. गाडीत माल भरलेला होता, माल मोठ्या कंपन्यांचा होता आणि चावी त्यांच्या खिशात होती. शिवाय जर्मन आणि डच कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. परंतु त्यासाठी त्यांना पाच-सहा आठवडे, कमाई शून्य असताना, रस्त्याच्या कडेला राहावे लागले. साडेपाच लाखांचे कर्ज काढून गेलेला आणि दरमहा हप्ता भरणारा मुलगा इतके दिवस बसू शकेल का, याचा विचार आपण करावा. माझा एजंटावर राग आहे तो याच कारणासाठी. तो पैसे खातो हे दुय्यम आहे. कर्ज डोक्यावर असलेला ड्रायव्हर ‘नाही’ म्हणू शकत नाही आणि मालकाला नेमका तसाच ड्रायव्हर हवा असतो, हे मुख्य आहे.

आता कागदांकडे वळतो, कारण माझे खरे म्हणणे तेथे आहे. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाने तेथील ट्रक देशाच्या सीमा ओलांडून चालवायचा तर ‘ड्रायव्हर अटेस्टेशन’ नावाचा दाखला गाडीत असावा लागतो. हा दाखला ड्रायव्हरसाठी असला तरी तो कंपनीला दिला जातो आणि कंपनीच्याच मालकीचा असतो. ड्रायव्हरने काम सोडले की तो कंपनीकडे परत जातो. कामाचा परवानाही सहसा त्या एका मालकाशीच बांधलेला असतो. दुसरीकडे लायसन्स, टॅकोग्राफचे (गाडी चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचे) ड्रायव्हर कार्ड आणि व्यावसायिक पात्रतेची नोंद, जिला सगळे ‘कोड ९५’ म्हणतात, या गोष्टी ड्रायव्हरच्या स्वतःच्या असू शकतात. असू शकतात, असतातच असे नाही. बाहेरच्या देशातील ड्रायव्हरच्या बाबतीत कोड ९५ ची नोंद नुसत्या त्या अटेस्टेशनवरही करता येते. तसे केले असेल तर मुलगा १४० तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेला असूनही नोकरी सोडताना त्याच्या खिशात त्याचा पुरावा राहत नाही. तीच नोंद त्याच्या नावाच्या पात्रता कार्डावर असेल तर पुढचा मालक त्याला आनंदाने घेतो. दोन मुले, एकच परीक्षा, आणि दोघांच्या बाजारभावात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

याच ठिकाणी एक फसवणूकही चालते. ‘कोड ९५ आम्ही इथेच करून देतो’ असे सांगून काही जण चाळीस-पन्नास हजार वेगळे घेतात. युरोपीय नियमानुसार बाहेरच्या देशातील ड्रायव्हरला ही प्राथमिक पात्रता कंपनी ज्या सदस्य देशात आहे तेथे, किंवा ज्या सदस्य देशाने कामाचा परवाना दिला तेथेच मिळवावी लागते. इथल्या कुठल्याशा खोलीत दिलेल्या प्रमाणपत्राची तेथे किंमत शून्य.

अठराशे युरोंबद्दलही बोलले पाहिजे. एजंट हा आकडा सांगतो तेव्हा त्यात मूळ पगार किती आणि दैनिक भत्ता किती हे सांगत नाही. भत्ता गाडी बाहेर असलेल्या दिवसांचाच मिळतो. मुलगा तापाने पडला, गाडी दुरुस्तीला गेली, किंवा नवी गाडी मिळेपर्यंत यार्डात पंधरा दिवस बसावे लागले, की भत्ता बंद. आजारपणाची रक्कम आणि विम्याचा हिशेबही मूळ पगारावर होतो. हे आपल्याकडच्या खुराकीपेक्षा निराळे नाही, फक्त चलन बदलले आहे. त्यातही प्रवासातील जेवणखाण त्याच भत्त्यातून करायचे असल्याने बहुतेक मुले केबिनमध्ये गॅसवर भात शिजवतात आणि तेवढीच बचत घरी पाठवतात.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा २०२२ पासून युरोपातच गाडी चालवतो. त्याने एकदा मला टॅकोग्राफचा फोटो पाठवला. हे यंत्र तेथे प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवते. त्यावर चार चिन्हे असतात: स्टिअरिंग म्हणजे गाडी चालू, दोन हातोडे म्हणजे इतर काम, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर राहून वाट पाहणे, आणि पलंग म्हणजे विश्रांती. फोटोत पलंग दिसत होता. त्याखाली त्याने लिहिले होते, “मामा, आत्ता मी तेहतीस पॅलेट एकट्याने उतरवतोय.” डिस्पॅचरने, म्हणजे कंपनीतून गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्याने, फोनवर सांगितले होते की गोदामात पोहोचताच पलंगाचे बटण दाबायचे, म्हणजे उतरवण्याचे चार तास विश्रांतीत धरले जातात आणि रात्री पुन्हा गाडी काढता येते. कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्यातून दोनदा दहा तास गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबावेच लागते, आणि ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही, तिचा राहण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. हे नियम चांगलेच आहेत, आपल्याकडे असे काही असते तर कसारा घाटातले कित्येक अपघात टळले असते. पण पलंगाचे बटण दाबणारे बोट ड्रायव्हरचे असते, आणि तपासणीत पकडले गेल्यास कार्डावरची नोंदही त्याच्याच नावाची निघते.

त्या मुलाने दीड वर्षाने कंपनी बदलली. त्याला ते जमले, कारण कर्ज फिटले होते आणि पात्रता कार्ड त्याच्या नावावर होते. आता तो समाधानात आहे. त्याला परत बोलवावे असे मला एकदाही वाटले नाही.

पंजाबच्या मुलांबद्दल आपण म्हणता ते अर्धे खरे आहे. कॅनडात ब्रॅम्प्टनसारख्या ठिकाणी आधीच्या पिढीच्या स्वतःच्या वाहतूक कंपन्या आहेत. चुलत्याच्या घरी राहून मामाच्या यार्डात काम सुरू करणाऱ्याला धोका कमीच. आपल्याकडे असे जाळे नाही, हा आपला तोटा आहे आणि त्याला भित्रेपणा म्हणणे बरोबर नाही. तिकडेही सगळे बंगल्यापर्यंत पोहोचत नाहीत. परदेशी कामगार घेण्यासाठी कॅनडातील मालकाला जी सरकारी मंजुरी लागते तिचे १००० डॉलर शुल्क कामगाराकडून घेणे बेकायदा आहे, तरी त्या मंजुरीपत्रांचा काळाबाजार होतो. आणि एप्रिल २०१८ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात हॉकी संघाच्या बसला झालेल्या अपघातात १६ जण गेले, तेव्हा ट्रकवर भारतातून गेलेला, कामावर लागून महिनाही न झालेला तरुण होता. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर त्या प्रांताने १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. अमेरिकेने तर ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणेच थांबवले. घाईने गेलेल्या एकाची किंमत मागून येणारे सगळे मोजतात.

राहिला प्रश्न, एजंटावाचून नेणार कोण? एजंट लागतो, मी नाकारत नाही. परंतु १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. साडेपाच लाख आणि तीस हजार यांतील फरक ‘कन्सल्टन्सी’, ‘फाइल’, ‘कागदपत्रे’ अशा नावांनी भरला जातो आणि पावती मागितली की आवाज चढतो. आखाती देशांसह ठरावीक अठरा देशांसाठी दहावी न झालेल्या मुलाची निदान उत्प्रवास कार्यालयात तपासणी होते. युरोपातील देश त्या यादीत नसल्याने तिकडे जाताना ती चाळणीही नाही.

दुसरी वाटही आहे, फक्त लांबची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. त्यातील कामांच्या यादीत ट्रकचालक आहेत आणि पहिली पायरी जर्मन भाषेची आहे. भारताचे लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यावर सहाच महिने चालते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, आणि आयुष्यभर डाव्या बाजूने चालवलेल्या हाताला उजवीची सवय लावायची असते ती वेगळीच. वर्ष-दीड वर्ष जाईल. पण त्या वर्षात मिळालेले सर्व काही मुलाच्या नावावर असेल.

आपल्या पुतण्यासाठी मात्र हे सगळे आत्ताचे आहे, म्हणून एवढेच करा. एजंटाचे नाव झाकून कराराची पाने मला पाठवा. मी तीन गोष्टी पाहीन: मूळ पगार आणि भत्ता वेगवेगळे लिहिले आहेत का, प्रशिक्षणाचा खर्च नोकरी सोडल्यास परत करावा लागेल असे कलम आहे का, आणि कोड ९५ पात्रता कार्डावर मिळेल की फक्त अटेस्टेशनवर. तिसऱ्याचे उत्तर करारात बहुधा नसतेच. ते त्याने कंपनीला ईमेलने विचारावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये. एजंट म्हणेल की जागा जाईल. चार लाख जागा रिकाम्या आहेत, हे त्याला आपणच सांगा.