गोली बदला, बाकीचे दहा तसेच ठेवा

संघ सलग पाचवा सामना हरला की कारणं शोधत बसायचं नसतं. कारण समोर उभं असतं. त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पायाला उशीएवढे पॅड असतात आणि पाठीमागच्या जाळीत चेंडू पडलेला असतो. हॉकीत अकरा जण खेळतात, पण मुद्देमाल एकाच्याच मागे सापडतो: गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या. त्यामुळे चर्चगेटच्या स्टेडियममधून बाहेर पडताना पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या: "गोली बदलायला पाहिजे." सामना संपेपर्यंत पाहिला नसला तरी हे वाक्य चालतं. किंबहुना पाहिला नसेल तर जास्त ठामपणे म्हणता येतं.

पडत्या काळातल्या कुठल्याही संघात दोन गोली असतातच. सोयीसाठी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू. थोरल्याच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, वय पस्तिशीकडे, बचावफळीला नावानिशी ओरडायची सवय. धाकटा कॉलेजातला, उड्या झकास, तोंडातून शब्द नाही. यांतला चांगला कोण, हे ठरवणं अजिबात अवघड नाही. जो बाकावर बसलाय तो. या मोसमात त्याने एकही गोल खाल्लेला नाही, आणि ही कामगिरी तो बसून आहे तोवर अबाधित राहते.

एवढ्यावर समोरचा गप्प बसला नाही तर आकडे काढा. समजा, थोरल्यावर एका सामन्यात नऊ फटके आले, सहा अडवले, तीन गेले. धाकट्याला शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी उतरवलं, तेव्हा समोरचा संघ ३-० ने पुढे होता, चेंडू आपल्यातच फिरवत वेळ काढत होता, आणि दोन फटके आले तेही लांबून, सरळ पॅडवर. थोरला ६७ टक्के, धाकटा १०० टक्के. इथे थांबायचं. थोरल्याच्या नऊपैकी किती पेनल्टी कॉर्नरवर आले आणि किती वेळा फॉरवर्ड एकटाच समोर होता, असं कुणी विचारलं तर चहा मागवा.

आता पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल समोरच्याला मिळणारी संधी, कारण पडत्या संघाचे गोल बहुतेक तिथूनच जातात आणि तुमचं खरं कसब तिथेच लागणार आहे. मैदानावर काय घडतं ते आधी पाहू. म्हणजे त्यातलं काय पाहायचं नाही, ते कळेल.

गोलरेषेमागे गोली आणि बचावाचे चार जण उभे असतात, बाकीचा संघ मधल्या रेषेपलीकडे. गोलपोस्टपासून १० मीटरवरून चेंडू आत ढकलला जातो, तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या कमानीच्या, बाहेर थांबवला जातो आणि ड्रॅग फ्लिक करणारा त्याला काठीवर ओढत आणून सोडतो. चेंडू निघाला की पहिला रशर, म्हणजे फ्लिकरवर धावून जाणारा बचावपटू, सुसाट सुटतो. तो आणि गोली यांचं आधीच ठरलेलं असतं: एक बाजू तू झाकायची, दुसरी मी बघतो. पोस्टवरचा माणूस काठी खाली टेकवून पोस्टलगतचा पट्टा सांभाळतो. गोली दोन-तीन पावलं पुढे येऊन थांबतो, कारण पुढे आलं की कोन लहान होतो, आणि हलत्या पायावर कुठलाच बचाव जमत नाही.

डीची कमान गोलपासून १४.६३ मीटरवर. चांगल्या फ्लिकरचा चेंडू ताशी ११० किलोमीटरने आला तर गोलीकडे अर्धा सेकंदही नाही. मागे ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच चौकट, म्हणजे पावणेआठ चौरस मीटर. तिच्यातली जवळजवळ अर्धी जागा रशरने झाकायची असते. तो अर्धं पाऊल उशिरा निघाला, तर ती जागा उघडी राहते. ठरलेली वाट सोडून मध्ये घुसला, तर त्याचीच पाठ गोलीच्या डोळ्यांसमोर येते आणि चेंडू दिसतो तो त्याच्या कमरेला वळसा घालून बाहेर आल्यावर. पोस्टवरच्याने उत्साहात एक पाऊल पुढे टाकलं, तर पोस्टच्या आतली वीतभर जागा मोकळी सुटते, आणि शहाणा फ्लिकर तेवढीच मागत असतो. शेवटी गोली आडवा झेपावतो, ग्लोव्ह चार बोटं कमी पडतो आणि मागची फळी धाडकन वाजते.

तुम्ही फक्त झेप पाहायची. ती उशिरा पडली, हे स्टँडमधून स्वच्छ दिसतं. रशर दिसत नाही, कारण तेव्हा तो बराच पुढे जाऊन, कमरेवर हात ठेवून, गोलीकडे निराशेने बघत असतो.

एखादा जाणता पोरगा शेजारी बसलेला असतो. तो म्हणेल, "काका, पण रशर उशिरा निघाला ना?"

"तू हॉकी खेळलायस का?"

"हो, कॉलेजकडून. रशरच होतो."

"म्हणून तुला नाही दिसणार ते."

सामन्यात सात कॉर्नर का दिले, हाही प्रश्न टाळण्याजोगा. त्याचं उत्तर डीमध्ये पायाला चेंडू लावून घेणाऱ्या बचावपटूकडे जातं, तिथून चेंडू गमावून चालत परतणाऱ्या मधल्या फळीकडे, आणि तसंच मागे गेलं तर निवड समितीपर्यंत. इतकं मागे जाऊन चर्चा करायला कुणाला वेळ आहे? गोली जवळ पडतो.

रीबाउंडवर गेलेला गोल त्याहून सोपा. गोलीने पहिला फटका पॅडने अडवला, चेंडू उसळून समोर गेला, तिथे मोकळ्या उभ्या असलेल्या फॉरवर्डने ढकलला. "हातात का नाही घेतला?" असं जोरात विचारा. हॉकीच्या गोलीला चेंडू हातात धरून ठेवता येत नाही, तो फक्त अडवू, वळवू किंवा लाथेने बाजूला काढू शकतो. पण फुटबॉलच्या मोसमात कमावलेलं ज्ञान वाया का घालवायचं? गोलीचं काम चेंडू शक्यतो बाजूला, डीच्या कडेला काढण्याचं, आणि समोरच्या फॉरवर्डला मोकळं न सोडण्याचं काम बचावपटूचं. दुसऱ्या कामाचा उल्लेख करू नका.

ओरडण्याची वेळ महत्त्वाची आहे. "गोली बदला!" ही आरोळी पेनल्टी कॉर्नरची शिट्टी वाजल्याक्षणी द्यावी. कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदली खेळाडू उतरवता येत नाही, अपवाद फक्त बचाव करणाऱ्या गोलीला दुखापत झाली किंवा पंचांनी त्याला बाहेर काढलं तर. म्हणजे तुमची सूचना अमलात येण्याची भीती शून्य, आणि गोल झाला की "आम्ही आधीच सांगितलं होतं" म्हणायची सोय पक्की. चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला तर सोबत "उंच होता, फाउल!" हेही ओरडून घ्या. ४६० मिलिमीटरच्या आत राहायची अट कॉर्नरवरच्या पहिल्या 'हिट'ला असते, फ्लिकला नसते. पण पंच खाली उभा आहे आणि तुम्ही वर.

वादात इतिहास आणायचा मोह होईल. जरूर आणा, पण कापून. रिचर्ड ॲलनने १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये एकही गोल खाल्ला नाही, हे ठासून सांगा. त्या पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले, त्यांतले १४ ध्यानचंदचे, म्हणजे चेंडू बहुतेक वेळ पलीकडच्याच डीमध्ये होता, एवढं गाळा. लिओ पिंटो १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघात होता, हे वांद्र्याच्या माणसासमोर तरी म्हणाच, चहाचे पैसे वाचतात. शंकर लक्ष्मणचं नाव जपून घ्या. पाकिस्तानविरुद्ध तीन ऑलिंपिक अंतिम सामने: १९५६ मध्ये आपण १-० ने जिंकलो, १९६० मध्ये ०-१ ने हरलो, १९६४ मध्ये पुन्हा १-०. तीन फायनलमध्ये मिळून गोल खाल्ला एक. तुमच्या पद्धतीने १९६० नंतर त्याला घरी बसवलं असतं.

श्रीजेशचा दाखला सगळ्यात चालतो. टोकियोतला जर्मनीविरुद्धचा सामना, शेवटच्या सेकंदांतला कॉर्नर अडवला, ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक. सामना ५-४ असा सुटला, म्हणजे त्याच श्रीजेशच्या मागे त्या दिवशी चार वेळा फळी वाजली होती, हे मात्र मध्ये आणू नका. आपल्या थोरल्याने चार खाल्ले तर तो संपलेला असतो. फरक एवढाच, की टोकियोत पुढच्यांनी पाच मारले होते आणि आपल्या पुढच्यांनी या मोसमात पाच सामन्यांत मिळून तीन.

एक नाव वादात नकोच. १९८२ च्या दिल्ली एशियाडची फायनल आपण पाकिस्तानकडून १-७ ने हरलो आणि गोली मीर रंजन नेगी याच्यावर सामना विकल्याचा आरोप करण्यापर्यंत लोकांची मजल गेली. पुढे १९९८ मध्ये बँकॉकला भारताने ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण जिंकलं, कोरियाविरुद्ध टायब्रेकरमध्ये आशिष बल्लाळने बाजी फिरवली, आणि त्या संघाच्या गोलींना तयार करणारा प्रशिक्षक होता हाच नेगी. हा किस्सा काढला की टेबलावर शांतता पसरते, आणि शांतता चर्चेला मारक.

सामना बरोबरीत सुटून शूटआउट झालं तर तुमचा धाकट्यावरचा दावा बळकट होतो, कारण तो उड्या मारतो. २३ मीटरच्या रेषेवरून फॉरवर्ड निघतो, त्याच्याकडे ८ सेकंद असतात. गोलीने पुढे यायचं, पायावर उभं राहायचं, त्याला उलट्या काठीच्या, म्हणजे त्याच्या डाव्या, बाजूला ढकलत न्यायचं आणि सेकंद खायचे. पहिल्या हुलकावणीला जो आडवा होतो, त्याच्यावरून फॉरवर्ड चेंडू वळवून निवांत चालत जातो. पॅरिसमध्ये २०२४ ला ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना १-१ सुटला, दहा जणांनी बराच वेळ किल्ला लढवला होता, आणि शूटआउट आपण ४-२ ने जिंकलं. श्रीजेश तेव्हा काय करत होता ते पुन्हा बघाल तर दिसेल, की तो बहुतेक थांबत होता. पण थांबणं टीव्हीवर दिसत नाही. तुम्ही "झेप घे रे!" म्हणत राहा.

कुणी तडजोड सुचवेल: दोघांना अर्धा-अर्धा सामना द्या. श्रीजेश आणि कृष्णबहादूर पाठक यांना प्रो लीगमध्ये असंच आळीपाळीने खेळवलं जायचं, आणि श्रीजेश गेल्यावर पाठकच्या जोडीला आपल्या मुंबईचा सूरज करकेरा आला. कल्पना वाईट नाही, म्हणून तिला विरोध करा. दोघांनाही सामने मिळाले, दोघंही तयार राहिले, तर तुम्ही रविवारी संध्याकाळी करणार काय?

धाकटा एकदाचा पहिल्या अकरांत आला, की त्याच्या सामानाकडे मात्र लक्ष ठेवा, कारण पुढची ठिणगी तिथेच पडणार. किकरचा, म्हणजे बुटावर चढवायच्या पॅडचा, पट्टा बुटाच्या तळव्याखालून जातो. टर्फवर घासून घासून तो कडेला दोऱ्यासारखा होतो. सामन्याआधी अंगठ्याने ओढून बघायचा, तंतू निघाले तर बदलायचा, आणि बॅगेत एक जोडी जादा ठेवायची, एवढंच काम. धाकट्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, कारण सांगणारा थोरला, आणि त्याला तुम्ही गेल्या आठवड्यात बाहेर काढलंत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पट्टा तुटतो, किकर पायावर अर्धा फिरतो, साधा ढकललेला चेंडू त्याच्या कडेला लागतो आणि बाहेर जायच्याऐवजी आत वळतो. एप्रिलच्या दमट दुपारी घामाने भिजलेला ग्लोव्ह जड झालेला असतो, तोही खाली पोचत नाही.

आता घाई करू नका. पहिली पाच मिनिटं गप्प बसा, मग बाकाकडे मान वळवा. थोरला तिथे बसलाय, टॉवेल खांद्यावर. आज त्याने एकही गोल खाल्लेला नाही.

परतीला चर्चगेटहून बोरिवली स्लो पकडा. फास्टमध्ये दादर येईपर्यंत जेमतेम थोरल्याचे गुडघे होतात, स्लोमध्ये खिडकी मिळते आणि विषय नीट पुरतो. आवाजाची चिंता नको. ज्याच्याबद्दल बोलताय तो याच गाडीत असला तरी ऐकणार नाही. एवढी मोठी किटबॅग घेऊन साध्या डब्यात कुणी चढू देत नाही, त्यामुळे तो मालडब्यात उभा असतो, दोन कोळणींच्या पाट्यांमध्ये, ओले पॅड सुकायला दाराकडे तोंड करून.